बंदूक की तिखटाचा फवारा? स्वसंरक्षणाविषयी थोडा ख्रिस्ती विचार



प्रायश्चित्तकाळ आणि मोहफुलांचा हंगाम आपल्याकडे बहुधा बरोबरच येतात. मार्च-एप्रिलमध्ये जंगलालगतच्या गावांतली बायामाणसे तांबडे फुटायच्या सुमारास टोपल्या घेऊन मोहाखाली जातात, कारण गळलेली फुले ऊन चढण्याआधी वेचावी लागतात. ही फुले अस्वलालाही फार आवडतात. म्हणजे एकाच झाडाखाली, एकाच वेळी, दोघेही पोटासाठी आलेले असतात. मोह आटोपतो न आटोपतो तोच मे महिन्यात तेंदूपत्त्याची तोडणी सुरू होते. या दिवसांत जंगलात गेलेले कुणी अस्वलाच्या किंवा वाघाच्या तावडीत सापडल्याच्या बातम्या आपल्या भागात नव्या नाहीत.

वरठीतले आपण बहुतेक जण कारखान्याच्या पाळ्यांवर आणि भंडारा रोड स्टेशनातल्या गाड्यांच्या वेळांवर दिवस काढणारी माणसे. तरी हा प्रश्न आपल्यापासून लांबचा नाही. कोका अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पही भंडारा आणि गोंदिया या दोन जिल्ह्यांत पसरलेला आहे. आपल्यापैकी कित्येकांचे आईवडील, मामा-मावश्या, सासरची माणसे अजून जंगलाच्या कडेला राहतात. अशी काही बातमी आली की स्टेशनावर, पानठेल्यावर, मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारातही एक वाक्य हमखास ऐकू येते : "हातात बंदूक असती तर वाचला असता."

या एका वाक्यात दोन प्रश्न दडलेले आहेत. बंदुकीने माणूस खरोखर वाचतो का, हा पहिला प्रश्न. तो माहितीचा आहे. आणि जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याचा जीव घेणे केव्हा योग्य ठरते, हा दुसरा प्रश्न. तो सदसद्विवेकाचा आहे. हे दोन प्रश्न वेगळे असले तरी एकमेकांना सोडून त्यांचे उत्तर देता येत नाही, एवढेच आज मला तुमच्यापुढे मांडायचे आहे.

प्रथम दुसरा प्रश्न घेऊ, कारण त्याविषयी आपल्यात बराच गैरसमज आहे. प्रभू येशूने दुसरा गाल पुढे करायला सांगितले, म्हणून ख्रिस्ती माणसाने स्वतःचा बचाव करूच नये, असे काहींना वाटते. ख्रिस्तसभेची शिकवण तशी नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिए' या ग्रंथात या प्रश्नाचा सविस्तर विचार केला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : एकाच कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात. हल्ला करणाऱ्याला मी अडवतो तेव्हा माझा जीव वाचतो, हा एक परिणाम. कदाचित हल्लेखोराचा जीव जातो, हा दुसरा. माझा हेतू पहिल्या परिणामाचा असेल तर ती कृती मुळात चांगली आहे, कारण आपला जीव जपणे ही देवानेच घातलेली स्वाभाविक ओढ आहे. मात्र तेथेच संत थॉमस एक अट घालतात. बचावासाठी लागते त्याहून जास्त बळ वापरले तर तीच कृती अयोग्य होते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथानेही हाच विचार स्वीकारला आहे, आणि त्यात भर घालून म्हटले आहे की ज्यांच्यावर इतरांच्या जिवाची जबाबदारी आहे त्यांच्यासाठी बचाव हा केवळ हक्क नसून गंभीर कर्तव्यही आहे.

म्हणजे सगळा भार एका शब्दावर येऊन पडतो : 'गरज'. गरजेपुरते बळ. पण गरज किती, हे ठरवायचे कोणी आणि कसे? घाबरलेल्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल, जेवढे मिळेल तेवढे. भीतीच्या मापाने मोजले तर तोफही कमीच पडेल.

पवित्र शास्त्रात याविषयी एक लहानसा नियम आहे. त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. निर्गमाच्या पुस्तकात, बाविसाव्या अध्यायाच्या आरंभी, घर फोडणाऱ्या चोराविषयी तो आला आहे. रात्री घर फोडताना चोर सापडला आणि मार बसून मेला, तर घरधन्यावर रक्तपाताचा दोष येत नाही. पण सूर्य उगवल्यावर तसे घडले, तर दोष येतो. चोर तोच, घर तेच, चोरीही तीच. मग सूर्य उगवल्याने काय बदलले? अंधारात घरधन्याला काही दिसत नाही. आलेला माणूस चोरी करायला आला की गळा कापायला, हे कळत नाही आणि मदतीला कोणी येत नाही. उजेडात मात्र दिसते, ओळखता येते, शेजाऱ्यांना हाक मारता येते. म्हणजे सौम्य उपाय हाताशी येतो. सौम्य उपाय हाताशी आला की जीव घेण्याची गरज उरत नाही, आणि गरज उरली नाही की मोकळीकही उरत नाही. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या नियमाने आपल्याला एक मोठी गोष्ट शिकवली आहे. 'गरज' ही कायमची ठरलेली वस्तू नाही. उजेड वाढला, साधने वाढली, ज्ञान वाढले की गरजेची सीमा आत सरकते.

ख्रिस्तसभेने स्वतःही या वाटेने प्रवास केला आहे. देहदंडाचेच उदाहरण घ्या. समाजाच्या रक्षणासाठी दुसरा मार्ग नसेल तर देहदंड देता येतो, असे पूर्वी मानले जात होते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ सालच्या 'इव्हांजेलियुम विते' या परिपत्रकात म्हटले की गुन्हेगाराला रोखण्याच्या व्यवस्था सुधारल्यामुळे तशी गरज आज जवळजवळ उरलेलीच नाही. २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षण ग्रंथातील तो परिच्छेद बदलून देहदंड अमान्य ठरवला. त्यासाठी दिलेल्या कारणांत माणसाची प्रतिष्ठा हे तर आहेच, पण नागरिकांचे रक्षण करणाऱ्या अधिक परिणामकारक कैदव्यवस्था आता उभ्या राहिल्या आहेत, हेही एक कारण आहे.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. तो आता निव्वळ माहितीचा राहिलेला नाही. सौम्य उपाय खरोखर हाताशी आहे का, आणि तो चालतो का, हे कळल्याशिवाय सदसद्विवेकाला निर्णय देता येत नाही.

उत्तर अमेरिकेत अस्वले पुष्कळ आहेत आणि बंदुकाही पुष्कळ. तेथे १९८० च्या दशकात अस्वलाला परतवण्यासाठी तिखटाचा फवारा, म्हणजे 'बेअर स्प्रे', पुढे आला. एका डब्यात मिरचीचा अर्क दाबाखाली भरलेला असतो. कळ दाबली की सात-आठ मीटरपर्यंत लालसर ढग पसरतो आणि काही सेकंद टिकतो. मिरचीत तिखटपणा आणणारे जे द्रव्य असते, कॅप्सेसिन, तेच यात असते. आपल्या भिवापुरी मिरचीने डोळ्यांतून पाणी येते ते याच द्रव्यामुळे. भाजल्याची जाणीव शरीराला ज्या ग्राहकामुळे होते, त्याच ग्राहकाला कॅप्सेसिन जागे करते. हा शोध लावणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. म्हणून प्राण्याला आगीत सापडल्यासारखे वाटते, पण प्रत्यक्षात काही भाजत नाही. डोळे मिटतात, श्वास अडखळतो, प्राणी मागे फिरतो आणि काही वेळाने पूर्ववत होतो.

हे कितपत चालते? अस्वलांचे अभ्यासक टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातील घटना गोळा करून दोन अभ्यास प्रसिद्ध केले. २००८ सालच्या पहिल्या अभ्यासात १९८५ ते २००६ या काळातील फवाऱ्याच्या ८३ घटना होत्या. तपकिरी अस्वलाचे नकोसे वागणे फवाऱ्याने ९२ टक्के वेळा थांबले, काळ्या अस्वलाचे ९० टक्के वेळा. जवळून गाठ पडलेल्या आणि फवारा बाळगणाऱ्या माणसांपैकी ९८ टक्के लोकांना इजा झाली नाही. ज्या तिघांना झाली, त्यांच्या जखमा रुग्णालयात ठेवण्याइतक्या नव्हत्या. २०१२ सालच्या दुसऱ्या अभ्यासात १८८३ ते २००९ या काळातील बंदुकीच्या २६९ घटना होत्या. पिस्तुलाला ८४ टक्के वेळा यश आले, लांब नळीच्या बंदुकीला ७६ टक्के वेळा. ६१ टक्के घटनांत अस्वले मारली गेली. आणि सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट अशी : ज्यांच्याजवळ बंदूक होती त्यांनी ती झाडली काय किंवा न झाडली काय, जवळच्या गाठीभेटीत इजा होण्याचे प्रमाण सारखेच राहिले.

हे आकडे वाचून 'फवारा जिंकला, बंदूक हरली' असा निकाल देऊन मोकळे होणे बरोबर नाही. दोन्ही अभ्यासांतील घटना एकसारख्या नाहीत. फवाऱ्याच्या घटनांत अंगावर धावून न येता नुसते कुतूहलाने जवळ आलेले अस्वलही आहे. बंदुकीच्या घटना अधिक बिकट असू शकतात. म्हणून एका आकड्यातून दुसरा आकडा वजा करून चालणार नाही. शिवाय वारा समोरून असेल तर फवारा आपल्याच डोळ्यांत येतो, आणि पिशवीच्या तळाशी ठेवलेला डबा वेळेवर हाती लागत नाही. पण एवढे मात्र नक्की म्हणता येते की 'बंदूक असती तर वाचला असता' हे वाक्य जितक्या खात्रीने बोलले जाते, तितकी खात्री त्या आकड्यांत नाही. कारण उघड आहे. झुडपातून काही पावलांवर उठलेल्या अस्वलावर नेम धरायला क्षणभरच मिळतो. तेवढ्या वेळात भीतीने कापणाऱ्या हाताने बंदूक खांद्याला लावायची, धावत्या जनावराचे मर्मस्थान साधायचे आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्याच माणसाला गोळी लागू द्यायची नाही, हे कसलेल्या शिकाऱ्यालाही अवघड असते. जखमी झालेले अस्वल अधिकच चवताळते. फवाऱ्याला इतका काटेकोर नेम लागत नाही. समोर ढग उभा केला तरी पुष्कळ काम होते.

तेथील अस्वले वेगळी आणि आपली वेगळी, हेही लक्षात ठेवले पाहिजे. आपल्या जंगलातले लांब केसांचे अस्वल मुख्यतः वाळवी, मुंग्या, मध आणि फळाफुलांवर जगते. माणसाला खाण्यासाठी ते हल्ला करत नाही. त्याची नजर फारशी चांगली नसते. उधई खाण्यात गुंग असताना माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. मग ते दचकते आणि दचकल्यावर पळण्याऐवजी पुष्कळदा तुटून पडते. चेहऱ्यावर आणि डोक्यावर वार करते. म्हणून आपल्याकडे सर्वांत चांगला उपाय गाठ पडण्याच्या आधीचा आहे. एकट्याने जाऊ नये, मोठ्याने बोलत जावे, काठी आपटत किंवा काठीला घुंगरू-घंटी बांधून जावे, पुरते उजाडल्यावर जावे. आपल्या आजी-आजोबांना हे सगळे ठाऊक होते. आणि स्वयंसंरक्षणाचे जे थोर तत्त्व संत थॉमस सांगतात, त्याचा आरंभ इथूनच होतो. गाठ टाळणे हा सर्वांत सौम्य उपाय. मग परतवणे. आणि दुसरे काहीच उरले नाही तर मारणे.

येथे कुणी विचारील, "फादर, संत थॉमस माणसाने माणसाला मारण्याविषयी बोलत होते. अस्वल म्हणजे माणूस नव्हे." हा आक्षेप योग्य आहे. माणसाचा जीव आणि जनावराचा जीव ख्रिस्तसभा एकाच पारड्यात घालत नाही. माणूस देवाच्या प्रतिमेत घडवलेला आहे. आईवर झडप घालणाऱ्या अस्वलाला मुलाने कुऱ्हाडीने मारले, तर त्याने पापकबुलीत येऊन ते पाप म्हणून सांगण्याचे काही कारण नाही. दावीदाने आपल्या कळपासाठी सिंह आणि अस्वल मारले, आणि शास्त्राने त्याला दोष दिला नाही. फवाऱ्यापेक्षा बंदुकीनेच माणसे जास्त वाचतात असे सिद्ध झाले असते, तर मी तुम्हाला बंदुकीच्याच बाजूने सांगितले असते. पण हाच धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो की जनावरे देवाची निर्मिती आहेत, आणि त्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. शब्द पाहा. जनावराच्या प्रतिष्ठेला नव्हे, माणसाच्या. गरज नसताना मारण्याची सवय लागली की तिचा पहिला घाव मारणाऱ्याच्याच मनावर बसतो.

वाघांच्या बाबतीत आपल्या विदर्भाने हा प्रश्न प्रत्यक्ष अनुभवला आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा भागात 'टी-१', म्हणजेच अवनी, या वाघिणीवर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. आधी बेशुद्ध करून पकडण्याचा प्रयत्न करावा आणि ते जमले नाही तरच गोळी घालावी, असा आदेश होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती गोळीने मारली गेली. तिला दोन बछडे होते. बेशुद्ध करण्याचा प्रयत्न खरोखर झाला का, यावरून पुढे बराच वाद झाला. चार वर्षांनी 'सीटी-१' या वाघाने वडसा, ब्रह्मपुरी आणि आपल्या भंडारा जिल्ह्याच्या भागात दहशत माजवली. त्याच्या नावावरही १३ बळी सांगितले गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा भागात वनविभागाच्या लोकांनी त्याला बेशुद्ध करून जिवंत पकडले. दोन्ही ठिकाणी लोकांची भीती खरी होती. दोन्ही ठिकाणी त्या वाघाला तेथून हलवणे आवश्यक होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. ज्या घरातले माणूस गेले त्या घरापुढे उभे राहून वाघाचे गोडवे गाणे हा निर्दयपणा आहे. पण दुसऱ्या घटनेने एक गोष्ट दाखवून दिली : चिकाटी, माणसे आणि साधने असली की सौम्य मार्ग १३ बळींनंतरही खुला राहू शकतो.

आपल्या देशाचा कायदाही याच तत्त्वावर उभा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्हेतूने वन्यप्राण्याला मारले किंवा जखमी केले तर तो गुन्हा धरलेला नाही. मात्र वाघ-अस्वलासारख्या प्राण्याला मारण्याचा हुकूम देण्याआधी, त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नाही अशी अधिकाऱ्याची खात्री व्हावी लागते. आणि माणसाने माणसापासून स्वतःचा बचाव करण्याचा जो हक्क आहे, त्यालाही बचावाला लागते त्याहून अधिक इजा करू नये अशी मर्यादा आहे. ती जुन्या दंडसंहितेत होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. कायदा करणारे संत थॉमस वाचून बसले होते असे नाही. विचार करणारी माणसे प्रामाणिकपणे निघाली की बहुधा त्याच जागी येऊन पोहोचतात.

हेच तत्त्व रानडुकरांसाठी शेताभोवती सोडलेल्या विजेच्या जिवंत तारेला लावून पाहा. पीक वाचवणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे, आणि रात्रभर मचाणावर जागणाऱ्या माणसाचे हाल मी कमी लेखत नाही. पण ती तार कोण आले ते पाहत नाही. २०१७ मध्ये नागभीड भागात 'श्रीनिवास' हा वाघ अशाच तारेने मेला. अशा तारांनी शेजारच्या शेतकऱ्याचा, क्वचित तार लावणाऱ्या घरातल्याच माणसाचाही जीव गेलेला आहे. निर्गमाच्या पुस्तकातला घरधनी निदान अंधारामुळे पाहू शकत नव्हता. येथे आपण मुद्दाम आंधळे साधन निवडतो. त्याला बचाव म्हणता येत नाही.

आणि माणसांपासूनचा बचाव? आपल्या धर्मग्रामातल्या मुली रुग्णालयात रात्रपाळी करतात, उशिराच्या गाडीने उतरतात, अंधाऱ्या रस्त्याने घरी येतात. पर्समध्ये तिखटाचा लहान फवारा ठेवू का, असे त्या विचारतात. माझे उत्तर स्पष्ट आहे : जरूर ठेवा. त्याला परवाना लागत नाही, आणि ते ठेवण्यात दयेविरुद्ध काही नाही. उलट त्यात दया आहे, कारण हल्लेखोर जिवंत राहतो, आणि जिवंत राहिलेल्या माणसाला पश्चात्तापाची संधी राहते. मात्र तो रागाच्या भरात, भांडणात किंवा गंमत म्हणून वापरायचा नाही. सौम्य साधनही गरज नसताना वापरले तर हिंसाच होते. आणि पर्समधला हा लहान फवारा अस्वलासाठी नाही हेही ध्यानात असू द्या. त्याचा पल्ला आणि मात्रा दोन्ही कमी पडतात.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो. बंदूक की फवारा, असा वाद आपण घालतो, पण पहाटे मोहाखाली वाकलेल्या बाईजवळ यांपैकी काहीच नसते. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली बंदुकीचा परवाना मिळवणे तिच्या आवाक्यातले नाही, आणि बंदूक विकत घेणे तर नाहीच. बेअर स्प्रेचा एक डबा अमेरिकेत साधारण ४०-५० डॉलरना मिळतो, म्हणजे आपले काही हजार रुपये. तिच्या एका हंगामाच्या कमाईत तेवढे पैसे डब्यावर घालवणे तिला परवडणार नाही. तिच्याजवळ टोपली असते, विळा असतो आणि देवावरचा भरवसा असतो. ती गेली तर तिच्या वारसांना शासन २५ लाख रुपये देते. ते दिलेच पाहिजेत. पण मरणानंतर एवढे मोल देणारा समाज, ती जिवंत असताना तिच्या हातात घंटीची काठी, बरोबरीला चार माणसे, वाघ-अस्वल फिरत असल्याची वेळेवर खबर आणि जमेल तेथे तिखटाचा फवारा देऊ शकत नाही का?

संत थॉमसची अट आपण नेहमी हल्ल्यात सापडलेल्या माणसावर लावतो : तू गरजेपेक्षा जास्त बळ वापरलेस का? पण सौम्य साधन ज्याला मिळालेच नाही, त्याला हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला काय अधिकार? त्याच्यासाठी अजून रात्रच आहे. निर्गमातला सूर्य त्याच्या घरावर उगवलेला नाही. तो उगवावा यासाठी झटणे हे ज्यांच्याजवळ साधने आहेत त्यांचे काम. इतरांच्या जिवाची जबाबदारी असलेल्यांसाठी बचाव हे कर्तव्य आहे, असे धर्मशिक्षण ग्रंथ म्हणतो तेव्हा आपण सैनिक आणि पोलीस एवढाच अर्थ घेतो. वनविभाग, ग्रामपंचायत, तेंदूपत्त्याचे ठेकेदार, आणि हो, धर्मग्रामही त्यात येतो.

आमोस संदेष्ट्याने एका माणसाचे चित्र उभे केले आहे. तो सिंहाच्या भीतीने पळतो तर पुढे अस्वल गाठ पडते. घरात शिरून भिंतीला टेकतो तर साप चावतो. धोक्यापासून पूर्ण सुटका देणारे हत्यार या जगात नाही, बंदूक नाही आणि फवाराही नाही. म्हणून ख्रिस्ती माणूस आपला शेवटचा भरवसा हत्यारावर ठेवत नाही. पण देवावर भरवसा ठेवणे म्हणजे डोळे मिटून जंगलात शिरणे नव्हे. चार मूलभूत सद्गुणांत दूरदर्शीपणा पहिला मानला आहे, आणि तोही देवाचेच दान आहे.

शेवटी काही विनंत्या. ज्यांचे नातलग जंगलालगतच्या गावांत आहेत त्यांनी हंगामाच्या आधी त्यांच्याशी वरील गोष्टींविषयी बोलावे. मोहाला आणि तेंदूपत्त्याला जाणाऱ्यांनी गट करूनच जावे, आणि मुलांना बरोबर नेऊ नये. शेतात जिवंत तार सोडणारा कोणी ओळखीचा असेल तर त्याला प्रेमाने पण ठामपणे सांगावे. युवकांनी वनविभागाच्या सूचना गावोगावच्या आपल्या माणसांपर्यंत पोहोचवाव्यात. काठ्या, घुंगरे, बॅटऱ्या यांसाठी ज्यांना काही मदत द्यायची आहे त्यांनी ती प्रायश्चित्तकाळातील आपल्या त्यागाचा भाग म्हणून द्यावी. आणि कौटुंबिक प्रार्थनेत जंगलात गेलेल्यांची, जखमी झालेल्यांची, ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांची, तसेच रात्रंदिवस जंगल राखणाऱ्या वनरक्षकांचीही आठवण करावी.

जीवनाचा प्रभू आपणा सर्वांना आपला जीव जपण्याचे शहाणपण आणि दुसऱ्याचा जीव जपण्याची दया देवो.

ख्रिस्तात तुमचा,
धर्मगुरू